मोठच्या ओसरीवर गडचिरोली

झाशीहून कानपूरच्या हमरस्त्याला लागलं की पारीछाच्या वीजकेंद्राची धुराडी दिसतात, मग मैथिलीशरण गुप्तांचं चिरगाव लागतं आणि झाशीपासून पन्नासेक किलोमीटरवर येतं मोठ. अठराव्या शतकाच्या मध्याला मोठचा मुलूख राजेंद्रगिरी गोसाव्याच्या ताब्यात होता. त्याला इथून हुसकावलं ते झाशीचे सुभेदार नारो शंकर यांनी. पंचवटीतल्या देवळाची घंटा ज्यांच्या नावानं ओळखली जाते, तेच हे नारो शंकर. त्या काळाच्या खुणा शोधत मी या तहसिलीत हिंडत होते. मराठी मुलखाची सर्वांत जिवंत खूण मात्र मला भेटली ती एका बाळंतिणीच्या घरात.

ज्यांच्याबरोबर मी तिथं गेले त्या बाई ‘आशा संगिनी’. गावोगावच्या आशा कार्यकर्तींना हाताशी धरून काम शिकवणाऱ्या बाईंना उत्तर प्रदेशात संगिनी म्हणतात. सोबत नर्सिंग शिकणाऱ्या तीन मुली होत्या. बाळ सात दिवसांचं. ओसरीवर गव्हाची पोती रचलेली, आजी दारातच बसलेल्या.

मुलींनी बांगड्या आणि घड्याळं काढली, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. एकीनं सवयीनं ओढणी हातात घेतली, तशा संगिनी म्हणाल्या, “ना बिन्नू, ओढनी से नईं. हवा में सूखन दो.” मग तिघीही हात वर धरून उभ्या राहिल्या. वजनकाट्याला कापडी झोळी अडकवली. आधी रिकाम्या झोळीसकट काटा शून्यावर आणला, मगच बाळ झोळीत ठेवलं. काटा डोळ्यांच्या रेषेत धरूनच वाचायचा, खालून नाही की वरून नाही, हे संगिनींनी प्रत्येकीकडून करून घेतलं.

त्यानंतर श्वास मोजायचे होते. बाळ रडत असेल तर मोजायचे नाहीत. ते शांत झालं की दुपटं बाजूला करून पोटाची हालचाल बघायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. नवजात बाळाचा श्वास कधी भरभर, कधी संथ चालतो, म्हणून अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलेलं चालत नाही. ६० किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजायचं आणि दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर बाळाला ताबडतोब दवाखान्यात न्यायचं. तिघींचे आकडे वेगवेगळे आले. संगिनींनी पुन्हा मोजायला लावलं. आकडे जुळले, साठाच्या बरेच खाली. तेव्हा कुठं आजींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

मी थक्क होऊन बघत होते, कारण ही रीत आपल्या गडचिरोलीत घडलेली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली तिथं गेले. दवाखाना लांब आणि बाळं घरातच दगावत होती, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. ज्यांना साठापर्यंत मोजता येत नव्हतं अशा दायांसाठी मणी आणि वाळूचं घड्याळ जोडून श्वास मोजायचं साधन बनवलं. ३९ गावांत हे काम चाललं. तिसऱ्या वर्षी, शेजारच्या तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’नं हा अभ्यास छापला आणि २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळाला तपासण्याचं काम देशभरातल्या आशांकडे आलं. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा हे त्या भेटींचे दिवस. बाळ घरीच जन्मलं असेल तर पहिल्या दिवशीही जायचं.

नारो शंकरांनी बुंदेलखंडात फौज आणली आणि झाशीचा किल्ला वाढवला. गडचिरोलीच्या बायकांनी इथं पाऊलही टाकलेलं नाही, तरी त्यांनी खरं करून दाखवलेलं काम मोठच्या घराघरांत शिरलं आहे. महाराष्ट्रानं उत्तरेला दिलेल्या देण्यांत मी याला फार वरचं स्थान देईन.

पण हे देणं ज्यांच्या पायांवर चालतं, त्यांचं काय? सरकारच्या लेखी आशा ही मानद स्वयंसेविका आहे. तिला नियमित वेतनश्रेणी नाही, कामागणिक मोबदला मिळतो. नवजात बाळाच्या साऱ्या भेटी पुऱ्या केल्यावर हाती यायचे ते २५० रुपये. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला आणि तो रास्तच होता. त्या गौरवाला पक्क्या नोकरीची आणि दरमहा पगाराची जोड मिळायलाच हवी. संगिनींजवळ बसून श्वास मोजायला शिकलेल्या त्या तिघी मुली उद्या परिचारिका होतील, पगार घेतील, निवृत्तही होतील. त्यांना शिकवणाऱ्या बाईंनाही तो हक्क असला पाहिजे.