तारीख देणारा माणूस

तमाशाच्या इतिहासात नावं कोणाची राहतात? पठ्ठे बापूरावांचं राहतं, पवळाचं राहतं, विठाबाई नारायणगावकरांचं राहतं, दादू इंदुरीकरांचं राहतं. बोर्डावर जो उभा राहिला, त्याला लोक विसरत नाहीत. पण तो बोर्ड कोणी बांधून ठेवला होता, फडाला मुंबईला बोलावून तारीख कोणी दिली, हातात उचल कोणी ठेवली आणि खेळ पडला तेव्हा खोट कोणी सोसली, हे कुठे लिहिलेलं सापडत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मधुकर नेराळे गेल्याची बातमी वाचली आणि पहिल्यांदा हेच मनात आलं. एक कलावंत तर गेलाच, पण कलावंतांना दार उघडून देणाराही गेला.

लालबागचं न्यू हनुमान थिएटर १९४९ साली त्यांचे वडील पांडुरंग नेराळे यांनी उभं केलं. मधुकरराव तेव्हा अगदी लहान होते. म्हणजे ज्या वयात मुलं अंगणात खेळतात, त्या वयात ढोलकीची थाप त्यांच्या घरची झाली होती. पुढे त्यांनी राजाराम शुक्लांकडे शास्त्रीय गाणं शिकून घेतलं आणि थिएटरही सांभाळलं. गळा आणि गल्ला या दोन गोष्टी एका माणसाकडे क्वचित नांदतात. त्यांच्याकडे त्या नांदल्या, आणि त्याचा फायदा शेकडो फडांना झाला. गाणं कळणाऱ्या मालकासमोर बारी लावताना कलावंताला वेगळीच उमेद येते.

अशा थिएटरची गरज का पडावी, हे समजायला थोडं लांब, उज्जैनला जावं लागेल. माळव्याचा माच हा तमाशासारखाच गाण्यातून चालणारा खेळ. होळीच्या दिवसांत जयसिंगपुरा, दौलतगंज अशा मोहल्ल्यांत उंच मंच बांधायचा, गुरूचं नाव घ्यायचं आणि रात्रभर खेळायचं, ही तिथली रीत. बालमुकुंद गुरू, कालूराम उस्ताद ही त्या परंपरेतली मोठी नावं. २०२४ साली उज्जैनच्याच पंडित ओमप्रकाश शर्मांना माचसाठी पद्मश्री मिळाली. माचला थिएटर लागलं नाही, कारण मोहल्लाच त्याचा यजमान. चौक त्यांचा, खेळणारे त्यांचे, बघणारेही त्यांचेच. आपल्याकडे गावच्या जत्रेत तमाशाचं तसंच होतं. देवाची पालखी निघाली की रात्री तमाशा ठरलेला, वर्गणी गावाची, पंच गावचे.

मुंबईत मात्र तमाशाला गाव नव्हतं. माणसं होती, हजारोंनी होती. सातारा, पुणे, कोल्हापूर, कोकण इथून आलेला गिरणीकामगार बायकामुलांना गावी ठेवून एकेका खोलीत पाळीपाळीने झोपत होता, खानावळीत जेवत होता. जत्रा त्याच्या वाट्याला वर्षातून एकदा, तीही रजा मिळाली तर. या माणसाला त्याची जत्रा लालबागमध्ये भेटली. पाळी सुटली की तिकीट काढायचं आणि आत गेल्यावर गण, गवळण, बतावणी, वग असा सगळा गाव समोर उभा राहायचा. लालबाग-परळच्या त्याच गिरणगावात अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख लाल बावटा कलापथक घेऊन फिरले, शाहीर साबळ्यांचा आवाज घुमला. कामगार वस्तीला गाणं ऐकायची भूक होती आणि ती ओळखणारी माणसं तिथेच राहत होती.

थिएटर चालवणं बाहेरून सोपं दिसतं. फडाचं बिऱ्हाड मोठं असतं. नाचणाऱ्या, ढोलकीवाला, पेटीवाला, तुणतुणेवाला, सोंगाड्या, झिलकरी, त्यांची मुलंबाळं, ट्रंका, भांडीकुंडी. या सगळ्यांची उतरायची सोय पाहायची. पोलिसांचा परवाना काढायचा, करमणूक कर भरायचा. एका फडमालकाची तारीख दुसऱ्याच्या तारखेवर आली तर दोघांचाही मान राखून मार्ग काढायचा. बाईंचा घसा बसला, सोंगाड्या गावी अडकला, पावसाने प्रेक्षक आला नाही, तरी ठरलेला पैसा द्यायचा. वर, तमाशाचं थिएटर चालवणाऱ्याकडे शिकलेला समाज ज्या नजरेने पाहतो, ती नजर आयुष्यभर सहन करायची. कलावंताला निदान टाळी मिळते. या माणसाला टाळीही मिळत नाही, आणि तरी उद्याची बारी लावायची असतेच.

नेराळ्यांनी एवढ्यावर थांबायचं ठरवलं असतं तरी ते पुष्कळ होतं. पण १९६९ मध्ये त्यांनी ‘जसराज थिएटर’ ही संस्था काढली. ‘गाढवाचं लग्न’, ‘आतून कीर्तन वरून तमाशा’, ‘राजकारण गेलं चुलीत’ अशी लोकनाट्यं त्यांनी रंगभूमीवर आणली आणि त्यांतून स्वतः कामंही केली. फडावरचा वग आणि नाट्यगृहातलं लोकनाट्य यांच्या मधली वाट रुंद करणाऱ्यांत त्यांचा हात आहे.

मग १८ जानेवारी १९८२ आली. सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले आणि त्या संपातून गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखं उठलंच नाही. त्या संपाने काय काय नेलं, याचा हिशेब आपण नोकऱ्यांत आणि जमिनींत मांडतो. त्यात एक रकाना तमाशाचाही हवा. ज्याच्या खिशात पगार नाही तो तिकीट कुठून काढणार? खोल्या रिकाम्या करून माणसं गावी परतली आणि त्यांच्याबरोबर प्रेक्षकही गेला. टीव्ही आला, व्हिडिओ आला, ही कारणं आहेतच. पण लालबागमधल्या तमाशाचं पोट ज्या पगारावर भरत होतं, तो पगारच बंद झाला होता. त्यानंतरही बरीच वर्षं थिएटर तग धरून होतं. १९९० च्या दशकात ते थांबलं, आणि पुढे त्या जागेचं मंगल कार्यालय झालं. जिथे ढोलकी कडाडली तिथे सनई वाजू लागली. त्यात वाईट काही नाही, लग्नंही गिरणगावातल्याच घरांची. पण गावाहून निघालेल्या फडाला मुंबईत ‘आपलं’ म्हणून उतरायला जे एक ठिकाण होतं, ते गेलं.

थिएटर गेलं तरी मधुकररावांनी तमाशा सोडला नाही. तमाशा परिषदेच्या कामात, कलावंतांच्या मागण्यांत ते राहिले. राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. त्या पुरस्काराच्या यादीत कांताबाई सातारकर आहेत, मंगला बनसोडे आहेत. त्यांच्या पंगतीत मुंबईतल्या थिएटरमालकाचं पान मांडलं गेलं, याचा मला फार आनंद आहे.

ज्यांना वाटतं की कला स्वतःच्या बळावर जगते, त्यांनी नारायणगाव आठवावं. पाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी येऊन जत्रेची सुपारी देतात. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे जत्रा भरल्या नाहीत. ढोलकी शाबूत होती, गळे तयार होते, वग पाठ होते. नव्हती ती फक्त तारीख. तेवढ्या एका अभावाने फडच्या फड कर्जात बुडाले.

नेराळे गेले त्याच सुमाराला परळचं शंभरी गाठलेलं दामोदर नाट्यगृहही पुनर्बांधणीसाठी बंद झालं. कामगारांच्या करमणुकीचा एक काळ असा पाठोपाठ मिटत गेला. गुणी मुली आजही लावणी नाचतात, नवे ढोलकीवाले तयार होत आहेत, शहरातल्या सभागृहांत गर्दीही होते. त्यांच्यासाठी वर्षभर उघडं राहणारं, तोट्याच्या रात्रीही दिवा लावणारं दार मात्र गिरणगावात आता कोणाचंच नाही. म्हणून मधुकर नेराळ्यांचं जाणं एका कुटुंबापुरतं किंवा एका पिढीपुरतं नाही. तमाशाचा इतिहास पुढे जो कोणी लिहील, त्याने त्यांचं नाव व्यवस्थापकांच्या तळटीपेत ढकलू नये. शाहिरांच्या आणि नर्तकींच्याच ओळीत ते लिहावं, कारण त्या ओळीतल्या अनेकांना मुंबईने ऐकलं ते त्यांच्या थिएटरात.