एरिया चांगला आहे

नवऱ्याची सोलापूरहून पुण्याला बदली झाली आणि घर शोधायचं काम माझ्याकडे आलं. ऑफिस स्वारगेटला, म्हणून सिंहगड रस्त्याच्या बाजूला बघायचं ठरलं. 2025 च्या उन्हाळ्यात एजंटच्या मागून मी बरेच जिने चढले. कुलूप उघडता उघडता तो म्हणायचा, “एरिया चांगला आहे, ताई.” चांगला म्हणजे कसा, असं विचारलं की त्याचा आवाज खाली जायचा. “म्हणजे सगळी आपलीच माणसं आहेत.”

सोलापुरात आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चारही भाषांत भांडणं चालायची आणि माझी मुलगी रात्री क्लासहून एकटी घरी यायची. त्यामुळे ‘आपली माणसं’ हे माप माझ्या उपयोगाचं नव्हतं. सातवीत जाणारी मुलगी कुणाला सोबत न घेता शाळेत, क्लासला, दुकानात जाऊ शकेल का, एवढंच मला बघायचं होतं.

एजंट घर दाखवतो सकाळी अकराला. मी त्याला न सांगता रात्री साडेनऊनंतर त्याच रस्त्यांवरून चालत गेले. ज्याला तो ‘शांत’ म्हणाला होता त्या रुंद डीपी रोडवर दोन्ही बाजूंना सोसायट्यांच्या उंच भिंती होत्या आणि हाक मारली तर ऐकायला कुणी नव्हतं. उलट, ज्या गल्लीला तो ‘जरा गजबज आहे’ म्हणून नाक मुरडत होता, तिथे मेडिकल उघडं होतं, पायऱ्यांवर बायका बसल्या होत्या आणि इस्त्रीवाल्या मावशींचं काम चालू होतं. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, “साडेदहापर्यंत मी इथंच असते. पोरगी आली-गेली की दिसेल मला.” कॅमेऱ्यांपेक्षा मला या मावशींचा भरवसा जास्त वाटला.

पुण्यातल्या कोयत्याच्या हल्ल्यांच्या बातम्या वाचून सोलापूरचे नातेवाईक रोज फोन करत होते. पोलिसांच्या संकेतस्थळावर ठाण्यानुसार आणि तारखेनुसार एफआयआर वाचायला मिळतात. संवेदनशील गुन्हे त्यातून वगळलेले असतात. म्हणून मी काही रात्री ते वाचत बसले. त्यातून कळलं ते मर्यादितच. जिथे लोक तक्रार द्यायला जातात तिथले आकडे मोठे दिसतात, आणि जिथे बायका गप्प बसतात ती वस्ती कागदावर स्वच्छ ठरते.

पाण्याचं विचारायची सवय मात्र सोलापूरनेच लावलेली. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावची बाई टाकी बघितल्याशिवाय घर घेत नाही. नदीकडच्या बाजूला भाडं कमी होतं. का, ते एकतानगरीजवळच्या एका दुकानदाराने भिंतीवर हात ठेवून सांगितलं: पाणी इथपर्यंत होतं. 25 जुलै 2024 च्या पहाटे खडकवासला धरणाचा विसर्ग 35 हजार क्युसेकच्या आसपास गेला, तळमजले बुडाले आणि लोकांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. नदीची निळी आणि लाल पूररेषा नकाशावर आखलेली असते, पण ती दाखवणारा एजंट मला भेटला नाही.

सिंहगड रस्त्याच्या वरच्या टोकाला वेगळीच गोष्ट होती. धायरी 2017 मध्ये, नांदेड आणि किरकटवाडी 2021 मध्ये महापालिकेत आली. तरी अनेक सोसायट्या टँकरवरच आहेत. जानेवारी 2025 मध्ये याच पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडले आणि संशयाची सुई पिण्याच्या पाण्यावर गेली. मुलीच्या सुरक्षिततेचा विचार करताना आपण रात्रीचा रस्ता बघतो, पण पिण्याच्या पाण्याबद्दल कुणी विचारत नाही, हे मला विचित्र वाटतं.

शाळांच्या बाबतीत फ्लेक्सवर जाऊ नये. ‘सीबीएसई पॅटर्न’ हे शब्द ठिकठिकाणी दिसले. पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. एका शाळेत मी संलग्नता क्रमांक मागितला, तर काउंटरवरच्या बाईंनी मला गणवेशाचं दरपत्रक दिलं. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो. तो सहज सांगत नसतील तर तिथून उठावं. शिक्षण विभाग अनधिकृत शाळांची यादी जाहीर करतो, तीही आधी बघून घ्यावी. फीबद्दल विचारताना यंदाची रक्कम विचारून भागत नाही. 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावी लागते, म्हणून मी त्या समितीत कोण पालक आहेत ते विचारत असे. जिथे उत्तर चटकन आलं, त्या शाळा मोजक्याच होत्या.

सगळ्यात जास्त समजलं ते शाळा सुटताना फाटकापाशी उभं राहून. एका नावाजलेल्या शाळेची मुलं थेट वाहत्या रस्त्यावर ओतली जात होती आणि एकेका व्हॅनमध्ये दप्तरांसकट कोंबली जात होती. स्कूल बसमध्ये महिला सहायक असावी असा नियम आहे. व्हॅनकाका एकटेच होते. दुसरी शाळा अनुदानित, सेमी-इंग्रजी, रंग उडालेली. पण तिथे पीटीचे सर रस्त्यात उभे राहून गाड्या थांबवत होते आणि मुलं घोळक्याघोळक्याने चालत घरी निघाली होती. मी त्यातल्याच दोन मुलींना विचारलं, मुलींचं स्वच्छतागृह कसं आहे? “पाणी असतं, काकू. कडी पण लागते.” हे माहितीपुस्तिकेत कुठेच नव्हतं.

प्रवेश तिथेच घेतला आणि त्या शाळेपासून चालत जाता येईल एवढ्याच गल्ल्यांत घर बघितलं. भाडं ठरवल्यापेक्षा जास्त पडलं. व्हॅनचे पैसे वाचले. बदलीवर निघालेल्या आईबापांना माझं सांगणं एवढंच आहे: एजंटला बजेट सांगण्याआधी शाळेचं नाव सांगा, आणि टोकन देण्याआधी सोसायटीकडून मे महिन्याचं टँकरचं बिल मागून बघा.