गुरगुर

“डॉक्टर, लाड करायला गेलं की गुरगुरतो. माजलाय नुसता.” पेणपासून रोह्यापर्यंत कुत्री तपासत हिंडणाऱ्याला ही तक्रार पाठ होते. बोलणारा खरोखर दुखावलेला असतो. मी कुत्र्याआधी त्याच्या हाताकडे बघतो. कुठे ठेवला होता?

पावसाळ्यात बरेचदा उत्तर ‘कानामागे’ असं येतं. जूनपासून आमच्याकडची हवा ओलीच. लोंबत्या कानात बुरशी वाढायला तेवढं पुरतं. कान उलटावा तर आंबूस वास आणि आत काळपट मळ. तिथे खाजवलं तर तो गुरगुरणारच. म्हाताऱ्या कुत्र्याचं दुखणं कंबरेत, खुब्यात. त्याच्या लेखी मिठी मारणारं पोर आणि दुखरी जागा दाबून बघणारा मी, दोघे सारखेच.

दुखणं सापडलं नाही, तर मालकाला म्हणतो, छातीवर जरा खाजवा आणि हात काढून घ्या. कुत्रा अंग सैल सोडून स्वतःच हाताखाली डोकं खुपसत असेल, तर ती गुरगुर लाडाची. हो, अशीही असते. रॉटवायलर पाळणाऱ्यांना विचारा. पण तो ताठ झाला, मान वळवली, ओठ चाटले, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसलं, तर त्याला नको होतं. बहुतेक वेळा हे तो गुरगुरण्याआधीच सांगून चुकलेला असतो. हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यांत मूर्ती बघायला आलेलं पोर दारातल्या कुत्र्याच्या गळ्यात पडतं. तो जांभया देत सोसतो आणि मोठी माणसं म्हणतात, झोप आली बिचाऱ्याला!

२०१० साली बुडापेस्टच्या संशोधकांनी कुत्र्यांची तीन वेळची गुरगुर ध्वनिमुद्रित केली: खेळतानाची, अनोळखी माणूस अंगावर आल्यावरची आणि हाड राखतानाची. मग हाडाकडे निघालेल्या दुसऱ्या कुत्र्यांना ती ऐकवली. हाड राखणाऱ्याचा आवाज ऐकून ती जास्त मागे हटली. कुत्र्याचं कुत्र्याला कळतं. मी मात्र नुसत्या कानांवर विसंबत नाही.

एका बाबतीत छातीवर खाजवून बघायची ही परीक्षा करूच नये. मायाळू कुत्रा अचानक बदलला, लाळ गाळू लागला, गिळता येईना, तर हात लावायचा नाही, आधी डॉक्टरला कळवायचं. आणि कुठल्याही कुत्र्याचा दात लागला, तर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवून थेट रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठायचा. हळद-चुना नको.

राहिला ‘माज उतरवण्याचा’ उपाय. चप्पल उगारून गुरगुर बंद करता येते, आणि लवकर करता येते. कान तसाच ठणकत राहतो, फक्त आवाज येत नाही. “आता हूं की चूं करत नाही,” असं एखादा मालक अभिमानाने सांगतो, तेव्हा त्याच्या कुत्र्याचं तोंड बँडेजने बांधल्याशिवाय मी त्याला हात लावत नाही.