दोघांसाठी पाच दिवस तुर्कस्तान

“मुलांना ठेवून? आणि तेही तुर्कस्तानला?” शेजारच्या वहिनींच्या कपाळावर आठ्याच पडल्या. मैत्रिणींनो, खरं सांगू? मनातून मलाही तेच वाटत होतं. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण आम्ही दोघंच असे जायचो ते फक्त बँकेत नाहीतर दवाखान्यात. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, “मुलांचं मी बघते. जा तुम्ही.”

मी पडले मास्तरीण, अर्धवेळ का होईना! लगेच शाळेसारखं वेळापत्रक आखलं. इस्तंबूल, कापादोक्या, पामुक्काले, एफेसस, सगळं पाच दिवसांत कोंबलं. एकट्या इस्तंबूल-कापादोक्याचं अंतरच सुमारे ७०० किलोमीटर! ह्यांनी कागद वाचला आणि हळूच विचारलं,

“यात नाश्ता कधी करायचा?”

“खाऊ की काहीतरी उभ्या उभ्या.”

“घरी तू रोज उभ्यानंच खातेस. तिथं तरी बसू या.”

मला काही बोलताच येईना. माझ्या खाण्याकडे कुणाचं लक्ष असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं. कागद फाडला. ठरवलं, पाचही दिवस एकटं इस्तंबूल. रोज एक पाहण्याची गोष्ट, एक खाण्याची, बाकी मोकळा वेळ.

तिथल्या न्याहारीला ‘काहवाल्ती’ म्हणतात. अर्थ काय, तर ‘कॉफीच्या आधीचं’! ऑलिव्ह, पांढरं चीज, काकडी, टोमॅटो, मध, साय, ताजा पाव आणि छोट्या काचेच्या पेल्यांतून बिनदुधाचा चहा. चीजला ते ‘पेयनीर’ म्हणतात, म्हणजे आपल्या पनीरचंच भावंडं! तासभर बसलो. पहिल्या दिवशी मी सवयीनं दोनदा उठलेसुद्धा.

एक दिवस आया सोफियाला दिला. ५३७ साली चर्च म्हणून पुरी झालेली ही वास्तू १४५३ मध्ये मशीद झाली, मग संग्रहालय, आणि २०२० पासून पुन्हा मशीद आहे. एक दिवस बोटीनं बॉस्फरस ओलांडून कादिकॉयच्या बाजारात गेलो. युरोपात न्याहारी आणि आशियात जेवण!

तुम्ही बेत आखाल तेव्हा वार आधी पाहा. तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद असतो, ग्रँड बझार रविवारी. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी मशिदीत जाऊ नका. अंगभर कपडे घाला, डोक्यावर घ्यायला ओढणी जवळ ठेवा. शाकाहारी असाल तर ‘एत्सिझ’, म्हणजे ‘मांसाशिवाय’, हा शब्द पाठच करा. मसूरडाळीचं सूप मिळतं, पण ते मांसाच्या पाण्यात केलेलं नाही ना, हे विचारून घ्या. ऑलिव्ह तेलातल्या गार भाज्याही छान लागतात. आणि व्हिसाची चौकशी तिकिटाच्या आधी!

कापादोक्या राहिलं. राहू दे. परत आल्यावर पहिल्या रविवारी पोहे केले आणि ताटली घेऊन बसले. सासूबाई ओट्यापाशी उभ्यानंच खात होत्या. त्यांना हाताला धरून आणलं, खुर्ची दिली. “अगं, मला सवय आहे,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात ह्यांनी उठून चहाचं आधण ठेवलं.