जिचं नाव उच्चारायचं नाही

लोइस लाउरी यांच्या ‘द गिव्हर’ (1993) या कुमार वाचकांसाठीच्या कादंबरीत रोझमेरी प्रत्यक्ष कुठेच भेटत नाही. कथा सुरू होण्याच्या दहा वर्षं आधीच ती गेलेली आहे. बारा वर्षांच्या जोनसची वस्तीचा नवा स्मृतिधारक, म्हणजे सगळ्यांच्या वतीने जुन्या आठवणी सांभाळणारा, म्हणून निवड होते, तेव्हा भर सभेत एवढंच सांगितलं जातं, की मागची निवड फसली होती. घरी आई-वडील सांगतात, त्या मुलीचं नाव उच्चारायला बंदी आहे आणि ते पुन्हा कुठल्याही बाळाला ठेवलं जाणार नाही. पुढे अठराव्या प्रकरणातल्या मोजक्या पानांत तिची हकिकत येते आणि संपते. तरीही बालसाहित्याची अभ्यासक म्हणून माझं ठाम मत आहे, की या कादंबरीचा भार जोनसपेक्षा या न दिसणाऱ्या मुलीनेच पेलला आहे.

त्या नावाचंच पाहा. याच वस्तीतला केलेब हा चार वर्षांचा मुलगा नदीत बुडतो. सगळे मिळून त्याचं नाव पुटपुटतात, आवाज हळूहळू विरत जातो. पुढे त्याच्या आई-वडिलांना दुसरं बाळ दिलं जातं आणि त्यालाही केलेबच म्हणतात. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात ते आजोबा आठवत राहावेत म्हणून. इथे नाव पुन्हा ठेवतात ते आधीचं मूल विसरता यावं म्हणून. रोझमेरीला मात्र ही सोय लागू होत नाही. बंदी घातली ती मोठ्यात मोठी नामुष्की म्हणून, पण त्यामुळेच तिची जागा रिकामी राहिली. सगळ्यांची जागा भरून काढणाऱ्या त्या वस्तीत भरून न निघालेली ती एकटीच.

यावर कुणी म्हणेल, लेखिकेला कथानकासाठी तिची गरज होती, एवढंच. स्मृतिधारक गेला की त्याच्याजवळच्या आठवणी लोकांकडे परत येतात, हे जोनसला कळायला आधीचं एखादं उदाहरण हवंच होतं. हे खरं आहे. पण तेवढंच काम असतं तर एका अपघातात भागलं असतं. लाउरी त्याहून खूप जास्त देतात. जेमतेम पाच आठवड्यांच्या शिक्षणात एकटेपण, ताटातूट, भूक यांच्या आठवणी घेतल्यावर ती मुलगी स्वतःहून ‘मुक्ती’ मागते, म्हणजे तिथल्या भाषेत मरण. तिने घेतलेल्या आठवणी वस्तीवर कोसळतात. तेव्हा तिला आणि पुढे जोनसला आठवणी देणारा म्हातारा स्मृतिधारक लोकांना सावरायला पुढे होत नाही, कारण तो स्वतःच शोकात आणि रागात बुडालेला असतो. जोनसच्या पलायनाचा बेत आखताना तो मागे राहायचं ठरवतो, ते ही चूक पुन्हा होऊ नये म्हणून. जोनसला मिळालेल्या आठ सूचनांत मुक्ती मागायची नाही अशी एक आहे, तीही रोझमेरीनंतरच आलेली. सूचना वाचकाला नवव्या प्रकरणात दिसते, तिचं कारण अठराव्यात कळतं. ‘हंगर गेम्स’ या कादंबरीतली छोटी रू वाचकाच्या डोळ्यांदेखत मरते आणि रडवते. रोझमेरी नियमांच्या कागदात उरते. मला तो परिणाम जास्त खोल वाटतो.

दुसरा आक्षेप गंभीर आहे: स्वतः मरण मागणारी मुलगी बारा-तेरा वर्षांच्या वाचकापुढे ठेवावी का? अमेरिकेत 1990 च्या दशकात शाळा-ग्रंथालयांतून ज्या पुस्तकांवर वारंवार हरकती आल्या, त्यांत हेही होतं. ही काळजी मी हलकी मानत नाही. पण कादंबरी तिच्या मरणाला वाट म्हणून दाखवत नाही. तिच्या जाण्याने वस्तीचे हाल होतात, म्हातारा मोडून पडतो, आणि जोनस जी वाट धरतो ती गेब्रिएल या बाळाला वाचवण्याची, जगण्याची. पुस्तकाचा राग आहे तो मरण झाकणाऱ्या गोड शब्दावर. आपणही ‘सुटली बिचारी’ म्हणतोच. पण आपल्याला त्यामागचं प्रेत माहीत असतं, जोनसला ते माहीत नसतं. इथे लाउरींनी स्वतः सांगितलेली हकिकत आठवते. 1994 चं बालसाहित्यासाठीचं न्यूबेरी पदक स्वीकारताना त्यांनी म्हातारपणी विस्मरण झालेल्या आपल्या वडिलांविषयी सांगितलं होतं. हेलन या थोरल्या मुलीचा फोटो त्यांना ओळखू येई, पण ती तरुणपणीच वारली हे ते विसरत. त्यांच्यापुरतं ते दुःख उरलंच नव्हतं. कादंबरीतल्या म्हाताऱ्याचं नेमकं उलट आहे: बाकी सगळे विसरले, त्याला एकट्याला आठवतं. आणि विसाव्या प्रकरणाच्या शेवटी कळतं, की रोझमेरी त्याची मुलगी होती.

मुलांना काय सांगावं, हा प्रश्न आपल्याकडेही जुनाच. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात ‘सयाजी बालज्ञानमाला’ या पुस्तकमालेने मोठ्यांच्या जगातलं ज्ञान मुलांच्या हाती दिलं. आज त्याच बडोद्याच्या वाडी भागातल्या घरांतून मुलांना माहिती भरपूर मिळते. शोकाबद्दल मात्र आपण त्यांच्याशी बोलायचं टाळतो. हे पुस्तक मुलाला जरूर द्या. फक्त अठरावं प्रकरण त्याला एकट्याने वाचू देऊ नका. त्या दिवशी शेजारी बसा, आणि त्याने रोझमेरीबद्दल विचारलं तर विषय बदलू नका.