साठीनंतरचा सिंहगड

वाचकहो, डोंगर चढणे हे तरुणांचे काम, अशी आपली समजूत असेल, तर एखाद्या रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी, आतकरवाडीत जरूर जाऊन यावे. काठी टेकीत, कानटोपी सावरीत, गुडघ्यांना पट्टे बांधून निघालेली कितीतरी पांढऱ्या केसांची माणसे आपल्याला तेथे भेटतील. पुण्यापासून सुमारे ३० किलोमीटरवरचा हा गड समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरच्या आसपास उंच आहे. पायवाटेने पाऊण-एक हजार पायऱ्यांच्या जिन्याहून कितीतरी अधिक चढावे लागते. मात्र घाई करण्यावाचून कोणाचे अडत नाही.

आम्ही चौघे स्नेही महिन्यातून एकदा तेथे जातो. दोन वर्षांपूर्वी आमच्यातील एकाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला आणि त्यांच्या घरी गडाचा विषय मिटला. सूनबाई प्रेमाने म्हणाल्या, "बाबा, गप्पाच मारायच्या ना? मग काकांना इकडेच बोलवा की. मी पिठलं-भाकरी करते." आम्ही गेलो. पिठले उत्तम होते. परंतु गृहस्थ सोफ्यावर पाहुण्यासारखे बसून राहिले. पुढे पुढे तर आमचे फोनही घेईनासे झाले.

वृद्धांची काळजी वाहणाऱ्या वाचकांना येथे थोडे थांबवावेसे वाटते. आपली भीती खोटी नसते. रात्री रुग्णालयात धावाधाव आपणच केलेली असते. तथापि मनाईचीही एक किंमत असते आणि ती औषधांच्या बिलात दिसत नाही. चालणे सुटले की मांड्यांचे स्नायू उतारवयात फार लवकर झडतात, तोल ढळू लागतो, आणि ज्या पडण्याच्या भयाने माणसाला घरी बसवले तेच पडणे न्हाणीघरात घडते.

तोडगा निघाला तो डॉक्टरांच्या समोर. सूनबाईंनी आपल्या शंका लिहून नेल्या होत्या. ट्रेडमिलवर तपासणी झाली, काही महिने सपाटीवर चालण्याचा क्रम ठरला, आणि नंतर परवानगी मिळाली ती गाडीरस्त्याने. सिंहगडाचे हेच मोठेपण: वरपर्यंत रस्ता आहे, जीपगाड्या ये-जा करतात. आम्ही तिघे पायी चढलो, ते जीपने आले. मग पुणे दरवाजातून आत शिरून देवटाक्यापर्यंत चौघेही बरोबर, रमतगमत चाललो.

तीच जीप आता आम्हालाही उपयोगी पडते. चढताना दम लागतो, पण गुडघ्यांचे खरे हाल उतरताना होतात; प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार तोलून धरतात. म्हणून मी पायी चढतो आणि गाडीने उतरतो. यात कमीपणा कसला? पायीच उतरायचे असेल, तर दोन काठ्या घ्याव्यात आणि पावले आखूड टाकावीत.

चढाचा वेग ठरवायला आमच्यापाशी एकच माप आहे: चालता चालता वाक्य पुरे करता आले पाहिजे. शब्द तुटू लागले की थांबायचे. नाडीवर विसंबू नये. बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्या घेणाऱ्यांची नाडी श्रमातही फारशी वाढत नाही. छातीत, जबड्यात वा डाव्या हातात आवळल्यासारखे झाले आणि विश्रांतीने ते ओसरले, तरी त्या दिवशीचा चढ तेथेच संपला असे समजावे आणि डॉक्टरांना तसे सांगावे. ओसरले नाही, तर क्षणाचाही विलंब न लावता मदत मागवावी. जिभेखाली ठेवण्याची गोळी दिलेली असल्यास ती बसूनच घ्यावी, कारण तिने रक्तदाब उतरून घेरी येऊ शकते.

मधुमेहींनी विशेष जपावे. इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर श्रमानंतर काही तासांनीही खाली जाऊ शकते. तेव्हा खिशात ग्लुकोज असावे आणि ते कोठे आहे हे सोबत्याला ठाऊक असावे. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, म्हणून पाणी आम्ही घड्याळ पाहून पितो. लघवी वाढवणारी औषधे चालू असणाऱ्यांनी किंवा हृदयविकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारावे. आणि पावसाळ्यात निसरड्या वाटेचा मोह नको. त्या चार महिन्यांत आम्ही टेकडीवरच्या बाकावर समाधान मानतो.

आमचे स्नेही गेल्या महिन्यात पायवाटेने पहिल्या ताकवाल्या मावशींपर्यंत चढले. दहा मिनिटे बसले, ताक प्याले आणि कुरकुर न करता परतले. सूनबाई पायथ्याशी थांबल्या होत्या. पुढच्या खेपेस त्यांनाही वर यायचे आहे. मडक्यातले दही खरेच एवढे चांगले असते का, हे त्यांना स्वतः पाहायचे आहे.