पाऊणकीचा प्रोग्राम

प्रोग्रामिंगचा पहिला धडा गिरवणाऱ्याने पाढे विचारणारा प्रोग्राम लिहावा, असं मला मनापासून वाटतं. पायथनच्या वीसेक ओळी पुरतात. यंत्राने कोणतेही दोन आकडे उचलावे, गुणाकार विचारावा, उत्तर ताडून पाहावं आणि चुकलेला प्रश्न ध्यानात ठेवून थोड्या वेळाने पुन्हा विचारावा. गुणाकार यंत्राला येतोच. पोर कुठे अडखळतं आणि तिथे परत कधी न्यावं, हे मात्र त्याला सांगावं लागतं. ते सांगता सांगता शिकणारा स्वतःच गुरुजी होतो.

आमच्या मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरकडे बरीच मुलं शाळेत हिंदीतून पहाडे म्हणतात आणि घरी मराठी बोलतात. त्यांच्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे मुखोद्गत असायचे. पाच पाऊणके पावणेचार, सात अडीचके साडेसतरा! ज्या बाजारात शेर-पायलीने माप होई आणि रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे होत, त्या बाजाराचं हे गणित. 1957 साली रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, दशमान आलं आणि या उजळण्या हळूहळू मागे पडल्या.

त्यांची खरी थोरवी मला संगणकापुढे उमगली. पायथनला 0.1 आणि 0.2 यांची बेरीज विचारा, ते 0.30000000000000004 असं उत्तर देतं. पाच गुणिले 0.75 विचारा, नेमकं 3.75 येतं. यंत्र अपूर्णांक साठवतं ते अर्धं, अर्ध्याचं अर्धं, त्याचंही अर्धं अशा हिश्शांनी. पाव, निम्मं, पाऊण त्यात तंतोतंत बसतात. एक दशांश कितीही तुकडे केले तरी पुरता बसत नाही. भाकरीचं अर्धं आणि अर्ध्याची चतकोर करणाऱ्या हातांनी जी वाटणी जाणली, तीच यंत्राच्या पोटात आहे.

म्हणून त्या पहिल्या प्रोग्राममध्ये बे ते तीस यांच्या जोडीने पाऊणकी आणि अडीचकीही घालाव्यात. उत्तरं तपासायला घरातल्या म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवावं. ज्यांना संगणक परका वाटतो, त्यांच्या तोंडी असलेलं गणित संगणकाला सर्वांत जवळचं आहे, हे नातवंडांनी त्यांना आवर्जून सांगावं.